एडवर्ड ॲचेसन आणि त्याचे धारदार कण

वाचकहो, सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्याच्या चाकातून ठिणग्या उडताना आपण पाहिल्याच असतील. त्या चाकातले कण कशाचे असतात, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. पुष्कळदा ते कार्बोरंडमचे असतात आणि त्यामागे एडवर्ड ॲचेसन या माणसाची खटपट आहे.

ॲचेसनचा जन्म १८५६ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात झाला. सोळाव्या वर्षीच त्याची शाळा सुटली. दिवसा पोटापाण्याचे काम आणि रात्री विजेचा अभ्यास, असा त्याचा क्रम होता. पालकहो, हे मुद्दाम सांगतो. आपल्याकडेही याच वयात अनेकांच्या हातून पाटी सुटते. पुढे १८८० साली त्याला एडिसनच्या प्रयोगशाळेत काम मिळाले.

१८९१ साली त्याने लोखंडी वाडग्यात चिकणमाती व कोकची पूड घालून जोरदार वीजप्रवाह सोडला. निवल्यावर कार्बनच्या कांडीला चकाकणारे बारीक स्फटिक चिकटलेले दिसले. त्याने एक स्फटिक पेन्सिलीच्या टोकाला लावून काचेवर ओढला, तर चरा पडला! कार्बन आणि कोरंडम यांचा हा संयोग असावा, असे समजून त्याने कार्बोरंडम हे नाव दिले. समजूत चुकीची होती. तो पदार्थ सिलिकॉन व कार्बन यांचा निघाला; नाव मात्र टिकले. १८९३ साली त्याचे पेटंट मिळाले आणि १८९५ पासून नायगाराच्या विजेवर कारखाना चालू लागला.

विद्यार्थी मित्रांनो, नुसत्या कठीणपणाने काम भागत नाही. भट्टीतून निघालेले ढेकूळ फोडावे लागते आणि ते कसे फोडले यावर कणांचा आकार ठरतो. जाड, ठोकळेवजा कण दाब सोसतात. ते भारी कामाच्या चाकांना योग्य. लांबट, अणकुचीदार कण पॉलिश पेपरवर टोके वर करून बसवले की लाकूड झरझर घासले जाते, पण ते लवकर मोडतात. एकाच चाळणीतून पडलेले दोन प्रकारचे कण एकाच मापात भरा. ठोकळेवजा कण दाट बसतात, म्हणून ते माप वजनाला जास्त भरते. कारखान्यात आकाराची परीक्षा अशीच करतात.

भट्टी फार तापली तेव्हा ॲचेसनला आणखी एक गंमत दिसली. सिलिकॉन उडून गेले आणि मागे ग्राफाइट उरले. तोच कार्बन, पण आता पातळ पापुद्र्यांचा! पापुद्रे एकमेकांवरून घसरतात, म्हणून जो पदार्थ घासत होता त्याचेच वंगण झाले. १८९६ साली त्याचेही पेटंट मिळाले. कारखान्याची सूत्रे पुढे धनिकांच्या हाती गेली. ॲचेसन मात्र १९३१ साली मृत्यू येईपर्यंत नवे उद्योग काढीतच राहिला.