ऑस्बर्न रेनॉल्ड्स : तेलाच्या पापुद्र्याचे गणित

नव्याने बांधलेले मोटारीचे इंजिन पहिल्यांदा सुरू करताना जाणता मेकॅनिक घाई करीत नाही. बेअरिंगांना दाट वंगण लावूनच त्याने जोडणी केलेली असते; पण तेवढ्यावर तो विसंबत नाही. फिल्टर तेलाने भरून घेतो, स्पार्क प्लग काढून ठेवतो आणि स्टार्टरवर इंजिन नुसतेच फिरवीत राहतो. काही जुन्या इंजिनांत डिस्ट्रिब्युटर काढून त्या जागेतून ड्रिलच्या साहाय्याने ऑइल पंपच फिरवता येतो. रिकाम्या वाहिन्यांतील हवा ढकलीत तेल पुढे सरकते, दाबमापकाचा काटा वर चढतो आणि मगच इंजिन पेटवले जाते. हा खटाटोप टाळला, तर नवी बेअरिंगे पहिल्या काही क्षणांतच खरवडली जाऊ शकतात आणि सारे काम पुन्हा पहिल्यापासून करण्याची वेळ येते.

या खबरदारीचे शास्त्र ज्यांच्या गणितावर उभे आहे, ते ऑस्बर्न रेनॉल्ड्स. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला हे नाव रेनॉल्ड्स अंकामुळे पाठ असते. वंगणावरील त्यांचे काम मात्र त्या अंकाच्या सावलीतच राहिले.

रेनॉल्ड्स यांचा जन्म २३ ऑगस्ट १८४२ रोजी बेलफास्ट येथे झाला. वडील धर्मोपदेशक आणि शाळेचे मुख्याध्यापक. पण यंत्रांचा त्यांना विलक्षण नाद. शेतीच्या अवजारांतील सुधारणांची पेटंटेही त्यांनी घेतली होती. मुलाचे बालपण इंग्लंडमधील डेडहॅम या गावी गेले. शालेय शिक्षण संपल्यावर १८६१ मध्ये तो थेट विद्यापीठात न जाता एडवर्ड हेज यांच्या कारखान्यात उमेदवारीला राहिला. यंत्रे हाताळताना पडलेल्या प्रश्नांची उत्तरे गणिताशिवाय मिळणार नाहीत, हे तेथेच ध्यानात आले आणि मग त्याने केंब्रिजची वाट धरली. १८६७ मध्ये गणिताच्या परीक्षेत तो सातवा रँग्लर ठरला. (रँग्लर परांजपे यांच्यामुळे ही पदवी मराठी माणसाला परकी नाही.) हाताला काजळी लागलेला गणिती ही जोडी दुर्मीळ, आणि पुढचे सारे काम तिच्यातूनच घडले.

१८६८ मध्ये, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, रेनॉल्ड्स मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला; पण वर्षभरातच पत्नी शार्लट यांचे निधन झाले. दुसरा विवाह त्यांनी १८८१ मध्ये केला. शिक्षक म्हणून ते सोपे नव्हते. व्याख्यानाच्या ओघात स्वतःच्याच विचारात हरवून जात आणि विद्यार्थी मागे राहत. तरीही पुढे इलेक्ट्रॉनचा शोध लावणारे जे. जे. थॉमसन त्यांच्याच वर्गात बसलेले. १८७५ मध्ये त्यांनी अनेक टप्प्यांच्या केंद्रोत्सारी पंपाचे पेटंट घेतले. १८८३ मध्ये काचेच्या नळीतील पाण्यात रंगाची बारीक धार सोडून शांत प्रवाह कधी खवळतो, याचा नियम त्यांनी दाखवून दिला. ते उपकरण मँचेस्टर विद्यापीठाने जपून ठेवले आहे.

त्याच १८८३ साली लंडनमध्ये एक चमत्कारिक प्रयोग प्रसिद्ध झाला. मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेने घर्षणाच्या अभ्यासाचे काम बोशाँ टॉवर या अभियंत्याकडे सोपवले होते. टॉवर यांनी रेल्वेच्या आसासारखा चार इंच व्यासाचा आस फिरता ठेवला, त्यावर पितळी बेअरिंग टेकवून वजन लादले आणि आसाचा खालचा भाग तेलात बुडता ठेवला. बेअरिंगच्या माथ्यावर वंगण सोडण्यासाठी एक भोक पाडलेले होते. यंत्र सुरू होताच त्या भोकातून तेल उलट वर येऊन सांडू लागले. टॉवर यांनी बूच मारले, तरी तेल थांबेना. लाकडी खुंटी ठोकली, तर तीही हळूहळू बाहेर ढकलली गेली. अखेर दाबमापक जोडला, तेव्हा त्याचा काटा दर चौरस इंचाला दोनशे पौंडांच्या पलीकडे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार याच्या निम्माच, शंभर पौंडांचा होता. म्हणजे वजन धातूवर पेललेच जात नव्हते. तेलावर तरंगत होते. पण हा दाब आला कोठून? पंप तर कोठेच नव्हता.

उत्तर रेनॉल्ड्स यांनी १८८६ मधील प्रदीर्घ निबंधात दिले. आस बेअरिंगच्या बरोबर मध्यावर न राहता किंचित एका अंगाला सरकतो, त्यामुळे दोहोंमधील फट एकीकडे निमुळती होऊन पाचरीसारखी बनते. तेल आसाच्या पृष्ठभागाला चिकटते आणि फिरत्या आसाबरोबर या निमुळत्या जागेत ओढले जाते. त्याच्या श्यानतेमुळे, म्हणजे दाटपणामुळे, ते सहज निसटू शकत नाही आणि दाब वाढत जाऊन आस उचलला जातो. तेल तापले की पातळ होते. म्हणून ऑलिव्हच्या तेलाची श्यानता तापमानाबरोबर कशी घटते, हेही रेनॉल्ड्स यांनी स्वतः मोजले. आस फार सरकलेला असेल, तर त्यांची आकडेमोड अपुरी पडे. ती उणीव १९०४ मध्ये जर्मनीच्या सॉमरफेल्ड यांनी भरून काढली. मूळ समीकरण मात्र आजही रेनॉल्ड्स यांच्याच नावाने वापरले जाते.

मोटारीच्या इंजिनात नेमके हेच घडते. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यातील मोकळीक मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढी असते. पंप क्रँकशाफ्टला उचलून धरतो, असा समज सर्रास आढळतो. तो खरा नाही. पंपाचा दाब ज्वलनाच्या तडाख्यापुढे अगदीच तोकडा असतो. पंप केवळ तेल आणून पोहोचवतो. भार पेलणारा दाब फिरणारा क्रँकशाफ्ट स्वतःच निर्माण करतो. त्यासाठी गती हवी, पाचरीची फट हवी आणि मुख्य म्हणजे त्या फटीत तेल आधीपासून हजर हवे. रोजच्या गाडीत इंजिन बंद झाल्यावरही फटीत थोडे तेल टिकून राहते, त्यावर पुढचा आरंभ निभावतो. नव्याने बांधलेल्या इंजिनात जोडणीच्या वेळी लावलेले वंगण काय ते असते, आणि पंपात हवा भरलेली असल्यास ताजे तेल यायला विलंब लागतो. तोवर इंजिन पूर्ण वेगाने धावू लागले, तर गती असूनही पापुद्रा धरत नाही.

१८७७ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि १८८८ मध्ये तिचे रॉयल मेडल, असा मान रेनॉल्ड्स यांना मिळाला. विश्वाच्या घडणीविषयीचा त्यांचा अखेरचा ग्रंथ १९०३ मध्ये निघाला. तो फारसा कोणाला उमगला नाही. तोवर त्यांची प्रकृती ढासळू लागली होती आणि बुद्धीची धारही ओसरत चालली होती. १९०५ मध्ये त्यांनी निवृत्ती पत्करली. समरसेटच्या किनाऱ्यावरील वॉचेट या गावी २१ फेब्रुवारी १९१२ रोजी त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातील होल्टवूडच्या जलविद्युत केंद्रात, शंभराहून अधिक टनांचा फिरता भार पेलणारे एक नवे बेअरिंग बसवण्यात आले. ते घडवणाऱ्या अल्बर्ट किंग्जबरी यांना त्याची कल्पना रेनॉल्ड्स यांचा १८८६ चा निबंध वाचून सुचली होती.