वादळाआधी शंकू चढवणारा कॅप्टन

कॉलेजला निघताना मोबाइलवर यलो अलर्ट बघता ना? छत्री घ्यायची की नाही, एवढ्यापुरताच! पण वादळ येण्याआधी सरकारी खात्याने लोकांना सावध करायचं, ही कल्पना एका माणसाला फार महागात पडली. रॉबर्ट फिट्झरॉय. हो, डार्विनला ‘बीगल’वरून नेणारा तोच कॅप्टन. पुस्तकांत त्याचं नाव तेवढ्यापुरतंच येतं, हे काही मला पटत नाही.

१८५४ मध्ये ब्रिटिश सरकारने त्याला हवामानाच्या नव्या खात्यावर बसवलं. काम तसं कारकुनी. जहाजांच्या नोंदी गोळा करायच्या, तक्ते बनवायचे. मग आलं ऑक्टोबर १८५९ चं वादळ. ऑस्ट्रेलियाहून लिव्हरपूलला येणारं ‘रॉयल चार्टर’ वेल्सच्या अँगलसी बेटाच्या खडकांवर फुटलं. सोन्याच्या खाणींत कमावून परतणारी माणसं, घर अगदी हाकेच्या अंतरावर, आणि साडेचारशेच्या आसपास जीव गेले. त्याच वादळात आणखी शंभरावर जहाजं बुडाली.

फिट्झरॉयने दीपगृहं, बंदरं, जहाजं, मिळतील तिथून त्या दिवसांच्या नोंदी मागवल्या. वायुभार, तापमान, वाऱ्याची दिशा, सगळं नकाशावर मांडलं. तेव्हा दिसलं की वादळ अचानक उगवलंच नव्हतं, ते दक्षिणेकडून वर सरकत आलं होतं. आणि तार तर वादळाच्या कितीतरी पुढे धावते! दक्षिणेतून वेळेवर तार आली असती, तर वरच्या बंदरांना सावध करता आलं असतं.

फेब्रुवारी १८६१ मध्ये त्याने पहिला इशारा दिला. बंदरात खांबावर शंकू चढवायचे. टोक वर असेल तर उत्तरेचं वादळ, खाली असेल तर दक्षिणेचं. आपल्या कोकण किनाऱ्यावर तीन नंबरचा बावटा लागतो ना, त्याच जातकुळीतलं हे. ऑगस्टपासून ‘टाइम्स’मध्ये रोजचा अंदाजही छापून यायला लागला.

आणि मग टिंगल सुरू झाली. अंदाज चुकला की पेपरवाले हसायचे (आमची जमात, काय बोलणार!). यामागे सिद्धांत कुठाय, असं शास्त्रज्ञ विचारायचे. बोटी बंदरात अडकल्या की मालकांचं नुकसान व्हायचं. त्यात पैशांची चणचण, ढासळलेली तब्येत, नैराश्य. ३० एप्रिल १८६५ रोजी, ५९ व्या वर्षी, त्याने आत्महत्या केली.

त्याच्यामागे चौकशी समिती बसली आणि १८६६ मध्ये इशारे चक्क बंद झाले. ओरड झाली ती बंदरांतून, समुद्रावर पोट असणाऱ्यांकडून. पुढच्याच वर्षी शंकू पुन्हा खांबावर चढले. २००२ पासून ब्रिटनच्या सागरी हवामान वृत्तात स्पेनजवळच्या एका समुद्रपट्ट्याला फिट्झरॉय म्हणतात.