टीकाकार राशी

फ्रान्सातील त्र्वा नगरी १०४० च्या सुमारास जन्मलेले रब्बी शलमोन बेन इसहाक यहूद्यांत राशी या नावाने प्रसिद्ध आहेत. माइन्झ व वर्म्स येथे अध्ययन करून ते स्वग्रामी परतले व इब्री शास्त्रावर टीका लिहिती झाले. शखेमात तलवार चालविणाऱ्या शिमोन व लेवी यांविषयी याकोबाने मरणसमयी जे शापवचन काढिले, त्यातील शब्द त्यांनी नीट तोलले: पित्याने शापिला तो क्रोध, पुत्र नव्हेत! लेवीयातील आशीर्वादात ५ जण १०० शत्रूंस, तर १०० जण १०,००० शत्रूंस पळवितात. त्रैराशिकाने २,००० च येतात. परंतु धर्म आचरणारे थोडे आणि पुष्कळ यांची बरोबरी होत नाही, असा राशींचा अर्थ. १०९६ साली क्रुसेडास निघालेल्या टोळ्यांनी वर्म्स व माइन्झ येथील यहूद्यांची कत्तल केली. राशी त्यानंतर ९ वर्षे जगले.