रंगांनी दगा दिला, यंत्रांनी हात दिला: लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट

पुण्याहून साताऱ्याकडे निघालात की नीरा ओलांडल्यावर शिरवळ लागतं. इथे किर्लोस्कर ब्रदर्सचा पंपांचा कारखाना आहे. पंपाचा शाफ्ट जरा जरी वाकडा निघाला तर पंप थरथरतो, बेअरिंग जातं. असं गोल, नेमकं काम होतं लेथवर.

या कंपनीचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना मात्र व्हायचं होतं चित्रकार. जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पण काही रंग त्यांना नीट ओळखताच येईनात. ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि पुढे व्हीजेटीआयमध्ये ते शिकवू लागले. यंत्राच्या ड्रॉइंगला रंग लागत नाही, माप लागतं. तिथेच त्यांना यंत्रांचं वेड लागलं.

आता लेथ म्हणजे काय? ड्रिलमध्ये हत्यार फिरतं, लेथमध्ये काम फिरतं आणि हत्याराची धार त्याला सोलत जाते. सगळ्यात धाकटं लेथ घड्याळजीचं, टेबलावर मावणारं. त्यात कॉलेट नावाची चिरा पाडलेली नळी बारीक तार मधोमध घट्ट धरते. घड्याळजी आडव्या टेकूवर हात स्थिर करून ग्रेव्हर नावाचं टोकदार हत्यार हळूच तारेला लावतो. मनगटी घड्याळातल्या बॅलन्सच्या दांडीचं टोक जेमतेम ०.१ मिलिमीटरचं असतं. ते असं हातानं उतरवायचं. कारखान्यातल्या मोठ्या लेथमध्ये हत्यार हातात नसतं, टूलपोस्टमध्ये आवळलेलं असतं. आटे पाडायचे असतील तर लीड स्क्रू ते हत्यार ठरलेल्या वेगानं सरकवतो. थोडक्यात, घड्याळजीच्या बोटांतलं कसब इथे लोखंडात बसवलेलं असतं.

नोकरीत बढती डावलली गेली आणि लक्ष्मणराव बेळगावला परतले. थोरले बंधू रामूअण्णांबरोबर आधी सायकली विकल्या, मग कडबा कापायची यंत्रं बनवली. १९०३ मध्ये लोखंडी नांगर केला. लोखंडानं जमीन नासते, ही शेतकऱ्यांची भीती! पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. वर बेळगावची जागाही सोडावी लागली.

मग औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकर माळ आणि दहा हजार रुपयांचं कर्ज त्यांनी दिलं. निवडुंग आणि सापांनी भरलेला तो माळ, १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली. नांगर तसा ओतकामाचा माल, पण तुटलेला भाग बदलला तर नव्याची भोकं जुन्याशी जुळायला हवीत. म्हणजे पुन्हा मापच!

१९४१ मध्ये म्हैसूर संस्थानातल्या हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी उभी राहिली आणि किर्लोस्करांचं नाव लेथवर झळकू लागलं. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. तोवर किर्लोस्करांचे लेथ देशातल्या इतर कारखान्यांचे सुटे भाग कातत होते.