राऊल प्रेबिश : विकसनशील देशांच्या व्यापारी एकजुटीचे शिल्पकार

शेजारी देशांशी व्यापार वाढवावा, हे धोरण आज बहुतेक विकसनशील देशांनी स्वीकारले आहे. मात्र केवळ करारावर स्वाक्षऱ्या करून असा व्यापार वाढत नाही. त्यासाठी विश्वासार्ह आकडेवारी, प्रशिक्षित अधिकारी, कर्जपुरवठा करणाऱ्या संस्था आणि दुर्बळ भागीदाराला सांभाळून घेणारे नियम आवश्यक असतात. विसाव्या शतकाच्या मध्यास ही जाणीव ज्यांनी रुजवली, त्यांमध्ये अर्जेंटिनाचे अर्थशास्त्रज्ञ राऊल प्रेबिश यांचे नाव अग्रभागी आहे.

प्रेबिश यांचा जन्म १७ एप्रिल १९०१ रोजी अर्जेंटिनातील तुकुमान येथे झाला. त्यांचे वडील जर्मनीहून तेथे स्थायिक झाले होते. ब्यूनस आयर्स विद्यापीठात अर्थशास्त्राचे शिक्षण घेतल्यानंतर १९२५ पासून ते तेथेच अध्यापन करू लागले. जागतिक महामंदीच्या काळात, १९३० साली, त्यांच्याकडे अर्थ खात्यातील उपसचिवपदाची जबाबदारी आली.

१९३२ साली ओटावा येथे ब्रिटनने आपल्या साम्राज्यातील देशांना व्यापारी सवलती दिल्या. त्यामुळे अर्जेंटिनाच्या मांस निर्यातीची ब्रिटिश बाजारपेठ धोक्यात आली. ती टिकवण्यासाठी पुढील वर्षी लंडनमध्ये वाटाघाटी झाल्या. अर्जेंटिनाच्या शिष्टमंडळात प्रेबिश यांचा समावेश होता. बाजारपेठ राखली गेली, परंतु त्या मोबदल्यात ब्रिटिश मालाला मोठ्या सवलती द्याव्या लागल्या. एकाच ग्राहकावर अवलंबून असलेल्या देशाची वाटाघाटीतील बाजू किती लंगडी असते, याचा हा प्रत्यक्ष अनुभव होता.

१९३५ साली अर्जेंटिनाची मध्यवर्ती बँक स्थापन झाली आणि प्रेबिश तिचे पहिले महाव्यवस्थापक झाले. १९४३ च्या लष्करी उठावानंतर मात्र त्यांना पदावरून दूर करण्यात आले. त्यानंतरच्या काळात लॅटिन अमेरिकेतील अन्य देशांच्या मध्यवर्ती बँकांना त्यांनी सल्ला दिला. अर्जेंटिनाचे प्रश्न हे एकट्या अर्जेंटिनाचे नाहीत, ही त्यांची धारणा या काळात दृढ झाली.

१९४८ साली संयुक्त राष्ट्रांनी चिलीची राजधानी सांतियागो येथे लॅटिन अमेरिकेसाठी आर्थिक आयोग स्थापन केला. या आयोगाच्या १९४९ मधील हवाना अधिवेशनात प्रेबिश यांनी सादर केलेला अहवाल गाजला. कारखानदारी मालाच्या तुलनेत कच्च्या मालाच्या किमती दीर्घकाळात घसरत जातात. परिणामी तेवढेच धान्य वा खनिज विकून पूर्वीपेक्षा कमी यंत्रे विकत घेता येतात, असे त्यांनी मांडले. त्याच सुमारास हान्स सिंगर यांनीही स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढला होता. त्यामुळे हा विचार दोघांच्या नावाने ओळखला जातो.

यावर उपाय म्हणून त्यांनी औद्योगिकीकरणाचा आग्रह धरला. परंतु छोट्या देशातील मागणीवर आधुनिक कारखाना पूर्ण क्षमतेने चालू शकत नाही, ही अडचण उघड होती. त्यामुळे अनेक देशांनी मिळून मोठी बाजारपेठ उभारणे, हा त्यांच्या विचारातील पुढचा टप्पा ठरला.

१९५० साली प्रेबिश आयोगाचे कार्यकारी सचिव झाले. अमेरिकेच्या विरोधामुळे आयोगाचे अस्तित्वच धोक्यात आले होते. १९५१ च्या मेक्सिको अधिवेशनात तो कायम झाला. पुढच्याच वर्षी आयोगाने सरकारी अधिकाऱ्यांसाठी आर्थिक विकासाचे प्रशिक्षणवर्ग सुरू केले. या कार्याला स्थायी रूप देण्यासाठी १९६२ साली सांतियागो येथे नियोजन संस्था स्थापन झाली. तिची धुराही प्रेबिश यांनीच सांभाळली.

या पायाभूत कामाचे फळ मध्य अमेरिकेत दिसून आले. ग्वाटेमाला, एल साल्वादोर, होंडुरास, निकाराग्वा आणि कोस्टा रिका या पाच देशांच्या अर्थमंत्र्यांच्या समितीला १९५२ पासून आयोगाचे मेक्सिकोतील कार्यालय साहाय्य करीत होते. प्रथम आयात मालाची समान वर्गवारी तयार झाली. सॅन होजे येथे प्रशासन प्रशिक्षणाची संस्था आणि ग्वाटेमालात औद्योगिक संशोधनाची संस्था उभी राहिली. त्यानंतरच, डिसेंबर १९६० मध्ये, सामायिक बाजारपेठेचा सर्वसाधारण करार झाला आणि विकास बँकेचीही स्थापना झाली. दशकभरात या देशांमधील परस्पर व्यापार अनेक पटींनी वाढला. मात्र लाभाचे वाटप विषम राहिले. १९६९ मधील एल साल्वादोर-होंडुरास युद्धाने या व्यवस्थेला जबर धक्का बसला.

फेब्रुवारी १९६० मध्ये माँटेव्हिडिओ येथे सात देशांनी लॅटिन अमेरिकी मुक्त व्यापार संघटनेचा करार केला. कमी विकसित सदस्यांना विशेष सवलती देण्याची तरतूद त्यात होती. परंतु एकेका वस्तूवर स्वतंत्र वाटाघाटी करण्याची पद्धत संथ ठरली. गहू आणि खनिज तेल यांवरून १९६७ मध्ये दुसरी सामायिक यादी अडली. तत्पूर्वी, १९६५ साली, प्रेबिश यांच्यासह चार तज्ज्ञांनी ही पद्धत सोडून ठराविक वेळापत्रकानुसार सरसकट शुल्ककपात करण्याची शिफारस केली होती. सरकारांनी ती पुरतेपणी अमलात आणली नाही. १९८० मध्ये या संघटनेची जागा नव्या संघटनेने घेतली.

दरम्यान प्रेबिश यांचे कार्यक्षेत्र जागतिक झाले होते. १९६४ साली जिनिव्हा येथे झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेचे, म्हणजेच अंक्टाडचे, ते पहिले महासचिव होते. याच परिषदेत ७७ विकसनशील देशांचा गट अस्तित्वात आला. आज त्याची सदस्यसंख्या १३० हून अधिक आहे.

अंक्टाडची दुसरी परिषद फेब्रुवारी-मार्च १९६८ मध्ये नवी दिल्लीत झाली. विकसनशील देशांच्या मालाला आयात शुल्कात सवलत देण्याचे तत्त्व तेथे मान्य झाले आणि १९७१ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. विकसनशील देशांमधील व्यापारवृद्धी व प्रादेशिक एकात्मता यांविषयी सामायिक निवेदनही याच परिषदेत संमत झाले. तरीही श्रीमंत देशांकडून अपेक्षिलेला प्रतिसाद मिळाला नाही. १९६९ मध्ये प्रेबिश यांनी महासचिवपद सोडले. भारताने १९७४ सालचा जवाहरलाल नेहरू आंतरराष्ट्रीय सामंजस्य पुरस्कार देऊन त्यांच्या कार्याचा गौरव केला.

अर्जेंटिनात १९८३ साली लोकशाही पुन्हा प्रस्थापित झाल्यावर त्यांनी राष्ट्राध्यक्ष राऊल अल्फॉन्सिन यांचे सल्लागार म्हणून काम पाहिले. २९ एप्रिल १९८६ रोजी सांतियागो येथे त्यांचे निधन झाले.

अर्जेंटिना, ब्राझील, पॅराग्वे आणि उरुग्वे यांनी १९९१ साली मर्कोसुर हा व्यापारगट स्थापन केला. त्यांच्या करारात टप्प्याटप्प्याने, आपोआप होणाऱ्या सरसकट शुल्ककपातीचे वेळापत्रक होते. या गटाबरोबरचा भारताचा सवलतीचा व्यापार करार जून २००९ मध्ये लागू झाला. पश्चिम आफ्रिकी देशांच्या आर्थिक समुदायाने आकडेवारीसाठी साहाय्य मागितल्यावर अंक्टाडने १९८१ साली सीमाशुल्क नोंदींची संगणकप्रणाली तयार करण्यास आरंभ केला. पुढे शंभराहून अधिक देश व प्रदेशांनी ती स्वीकारली. करारांना प्रशासकीय बळाची जोड हवी, या प्रेबिश यांच्या आग्रहाची प्रचिती सीमेवरील जकात नाक्यांच्या दैनंदिन कामकाजातूनही येते.