आजारी माणसाने मोरपिसाच्या काडीपासून माशी बांधली अन् अमेरिकेतल्या ड्राय फ्लायचा बापमाणूस ठरला

मासेमारी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर येतो गळ आणि त्याला लावलेलं गांडूळ. पण जगात काही अवलिये असे आहेत, जे गळाला खाण्याची कुठलीच वस्तू लावत नाहीत. कोंबड्याचं पीस, बदकाचं पीस आणि रेशमी दोरा, एवढ्या सामानातून ते गळावरच एक खोटी माशी बांधतात आणि तिच्यावर ट्राऊटसारखा हुशार मासा फसवतात.

ही माशी पाण्यावर तरंगणारी असेल, तर तिला ड्राय फ्लाय म्हणतात. अमेरिकेत या कलेचा बापमाणूस मानला जातो थिओडोर गॉर्डन. ज्याला ना पैसा टिकवता आला, ना तब्येत, त्याच माणसाची ही गोष्ट.

गॉर्डनचा जन्म १८५४ सालचा, पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गचा. अंगकाठी किरकोळ आणि तब्येत लहानपणापासून तोळामासा. मासेमारीचा नाद मात्र पोरवयातच लागला. पुढे नोकरी-धंद्यात काही जम बसला नाही. पैशाची घडी विस्कटत गेली आणि छंद होता तोच पोटापाण्याचा आधार बनला. गॉर्डन माश्या बांधून विकायला लागला.

त्याच काळात तिकडे इंग्लंडमध्ये फ्रेडरिक हॅलफर्ड नावाच्या माणसाचा दबदबा होता. पाण्यावर तरंगणाऱ्या माश्या कशा बांधायच्या, यावर त्याने १८८६ साली एक पुस्तक काढलं आणि ते गाजलं. गॉर्डनने थेट हॅलफर्डलाच पत्र लिहिलं. १८९० साली हॅलफर्डचं उत्तर आलं. सोबत होते त्याच्या माश्यांचे नमुने, पन्नासच्या आसपास.

आता खरी अडचण सुरू झाली.

हॅलफर्डच्या नद्या दक्षिण इंग्लंडमधल्या. खडूच्या जमिनीतून झिरपून येणारं नितळ पाणी, संथ प्रवाह. गॉर्डन मासे पकडायचा ते न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला असलेल्या कॅटस्किल डोंगरांत. इथल्या नेव्हरसिंक, बीव्हरकिल या नद्या दगडधोंड्यांतून उसळत वाहणाऱ्या. संथ पाण्यासाठी बांधलेली माशी अशा प्रवाहात तरंगत राहणं अवघड. त्यात दोन्हीकडचे किडेही वेगळे. इंग्लंडच्या माशीची हुबेहूब नक्कल केली, तरी ती इथल्या ट्राऊटच्या ओळखीची नव्हती.

गॉर्डनच्या जागी दुसरा कुणी असता, तर त्याने गुरूच्या माश्यांवरून डझनांनी माश्या बांधून विकल्या असत्या. गॉर्डन आपल्याच नदीकडे बघत बसला. कोणते किडे कधी बाहेर पडतात, पाण्यावर कसे बसतात, त्यांचा रंग कसा दिसतो, हे टिपून त्याने त्यानुसार माश्या बांधल्या.

त्यातली सगळ्यात गाजलेली माशी म्हणजे क्विल गॉर्डन.

तिचं अंग बनतं मोरपिसाच्या डोळ्याजवळच्या बारीक काडीपासून. या काडीवरची लव काढून टाकली की एक कड फिकट आणि एक गडद राहते. ती गळावर गुंडाळली की पट्टे उमटतात, अगदी किड्याच्या पोटावर असतात तसे. पंखांसाठी वुड डक नावाच्या बदकाच्या कुशीतली पिसं, उभी बांधलेली. आणि पंखांपाशी कोंबड्याच्या मानेवरचं राखाडी, ताठ पीस गोल गुंडाळलेलं. या पिसाचे ताठ तंतू पाण्यावर टेकतात आणि माशीचा भार तोलतात. पीस मऊ असेल तर ते पाणी पितं आणि माशी बुडते. त्यामुळे चांगल्या पिसासाठी माशी बांधणारे जिवाचा आटापिटा करतात.

गॉर्डनच्या आधीही अमेरिकेत काही जणांनी ड्राय फ्लाय वापरून पाहिली होती. पण तिला इथल्या नद्यांच्या सवयीप्रमाणे घडवलं ते त्याने. इंग्लंड-अमेरिकेतल्या मासेमारीच्या नियतकालिकांतून तो वर्षानुवर्षं लिहितही राहिला.

आयुष्याची शेवटची वर्षं त्याने नेव्हरसिंकच्या काठी एकट्याने काढली. उन्हाळ्यात नदी आणि थंडीत ऑर्डरच्या माश्या बांधणं, एवढंच जग. लग्न केलं नाही. नदीत उभ्या असलेल्या एका बाईसोबतचा त्याचा फोटो प्रसिद्ध आहे, पण ती कोण होती हे कोडं आजही सुटलेलं नाही.

आपली कला तो सहसा कुणाला दाखवत नसे. त्यामुळे ती त्याच्यासोबतच संपायची भीती होती. अपवाद ठरला लिबर्टी गावच्या पोस्टात काम करणारा रॉय स्टीनरॉड. त्याला मात्र गॉर्डनने शेजारी बसवून शिकवलं.

१ मे १९१५ रोजी क्षयाने गॉर्डन गेला. वय होतं ६०.

पुढच्याच वर्षी स्टीनरॉडने हेन्ड्रिक्सन नावाची माशी बांधली. तीही अमेरिकेत घराघरांत पोहोचली. गुरूने मोजक्यांपुरती ठेवलेली विद्या शिष्याने मात्र पुढे पोराटोरांना शिकवली.

१९३० च्या दशकात या घडणीत आणखी एक बदल रुळला. कोंबड्याचं पीस गळाभोवती उभं गुंडाळण्याऐवजी पंखाच्या बुडाशी आडवं, छत्रीसारखं गुंडाळायला सुरुवात झाली. हीच पॅराशूट माशी. ती हळूच, सरळ उतरते आणि तिचं पोट थेट पाण्याला टेकतं. आज क्विल गॉर्डनही या पॅराशूट पद्धतीने बांधली जाते.

आणि नेव्हरसिंक? इंग्रजीत हे नाव ऐकलं की 'कधीच न बुडणारी' असा अर्थ लागतो. पण न्यूयॉर्कला पाणी पुरवण्यासाठी १९५० च्या दशकात तिथे धरण झालं आणि गॉर्डनची नदी ज्या खोऱ्यातून वाहायची, त्याचा मोठा भाग पाण्याखाली गेला.

नदीचा तो काठ बुडाला. त्या काठावर बसून बांधलेली माशी मात्र आजही तरंगतेय.