मिस शिलिंग आणि पितळेची चकती

सुरुवातीलाच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी हा माझा तिसरा विषय होता आणि ऱ्हस्व-दीर्घाशी माझं अजूनही जमत नाही. त्यामुळे मराठी विभागाच्या एडिटरने लेख मागितला तेव्हा मी आधी चक्क हसले. पण गेले काही महिने एक बाई माझ्या डोक्यात बसली आहे, आणि तिच्याबद्दल इंग्लिशमध्ये बऱ्याच जणांनी लिहिलंय, मराठीत मला फारसं काही सापडलं नाही. तेव्हा म्हटलं, चला, लिहूनच टाकू. चुका पोटात घाला.

गोष्ट सुरू होते आमच्या घरच्या गाडीपासून. बाबांची गाडी जुनी, कार्ब्युरेटरवाली. मागच्या पावसाळ्यात तिने सिग्नलला बंद पडायला सुरुवात केली. चालताना ठीक, पण न्यूट्रलला टाकली की इंजिन थरथरायचं, आरशातली मागची रिक्षासुद्धा नाचताना दिसायची, आणि मग फुस्स. बाबा पाय ॲक्सिलरेटरवर ठेवून रेस देत बसायचे. मेकॅनिक काकांनी प्लग बदलले, एअर स्क्रू फिरवला, पैसे घेतले, आणि चार दिवसांनी गाडी परत मिसिंग मारायला लागली. त्याच सेमला आम्हाला आय.सी. इंजिन्स हा विषय होता. मी बाबांना म्हटलं, मी बघते. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांचं ऑपरेशन करते म्हणाले. आईने तर सरळ सांगितलं की नखांची वाट लागेल.

मग मी पुस्तकं आणि इंटरनेट खणायला लागले, आणि फ्लोट चेंबरच्या धड्यात बीॲट्रिस शिलिंग भेटली. (अहोजाहो करायला हवं खरं तर, पण एवढ्या दिवसांत ती मला मैत्रिणीसारखी झाली आहे, म्हणून ‘ती’.)

ती जन्मली ८ मार्च १९०९ रोजी, इंग्लंडमधल्या हॅम्पशायरमध्ये, वॉटरलूव्हिल नावाच्या गावी. वडील खाटीक. लहानपणी मेकॅनोमध्ये रमायची आणि चौदाव्या वर्षी तिने स्वतःची मोटरसायकल घेतली. मी चौदाव्या वर्षी काय करत होते ते विचारू नका. ती ती मोटरसायकल नुसती चालवत नव्हती, खोलत आणि जोडतही होती. शाळा संपल्यावर काय करायचं हा प्रश्न आला, कारण १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये मुलीने इंजिनियर व्हायचं म्हणजे जवळजवळ वेडेपणाच. तेव्हा मार्गारेट पार्ट्रिज या बाईंनी तिला हात दिला. या स्वतः इलेक्ट्रिकल इंजिनियर, स्वतःची कंपनी चालवणाऱ्या, खेड्यापाड्यांत वीज पोचवणाऱ्या. शिलिंग त्यांच्याकडे ॲप्रेंटिस म्हणून लागली, वायरिंग केलं, जनरेटर बसवले, आणि त्यांच्याच आग्रहाने मँचेस्टर युनिव्हर्सिटीत इलेक्ट्रिकलला गेली. १९३२ मध्ये डिग्री आणि पुढच्याच वर्षी मेकॅनिकलमध्ये एम.एससी. म्हणजे ब्रँच बदलून मास्टर्स! आमच्याकडे लोक बेंच बदलायला घाबरतात.

त्यानंतर तिने एका प्रोफेसरांबरोबर सुपरचार्ज्ड सिंगल सिलिंडर इंजिनांवर संशोधन केलं. हे मुद्दाम लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आणि याच काळात ती रेसिंग करत होती. ब्रुकलँड्सचा ट्रॅक म्हणजे काँक्रीटचा, दोन्ही टोकांना भिंतीसारखा उभा चढत जाणारा. तिथे ताशी १०० मैलांच्या वर एक लॅप मारली की गोल्ड स्टार मिळायचा. १९३४ मध्ये शिलिंगने ५०० सीसीच्या नॉर्टनवर ताशी १०६ मैलांची लॅप मारली, म्हणजे साधारण १७० किलोमीटर. तेव्हाच्या ब्रेकवर आणि टायरवर! १९३८ मध्ये तिने जॉर्ज नेलरशी लग्न केलं, तोही तिच्यासारखाच रेसिंगवेडा. गोल्ड स्टार मिळव, मग लग्न, अशी अट तिने घातली होती असं सांगतात. हे खरं की दंतकथा मला माहीत नाही, पण आमच्या हॉस्टेलमध्ये ही गोष्ट प्रचंड पॉप्युलर झाली आहे. गोल्ड स्टार मात्र जॉर्जलाही मिळाला होता.

१९३६ मध्ये ती फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये लागली. सुरुवातीला काम काय, तर टेक्निकल मॅन्युअल्स लिहिणं. मास्टर्स केलेल्या, इंजिन कोळून प्यायलेल्या बाईला टेबलावर बसवून मॅन्युअल्स! पण ती तिथून इंजिन विभागात घुसली आणि युद्ध सुरू झालं तोवर कार्ब्युरेटरच्या कामात मुरली होती.

आता मुख्य गोष्ट. १९४० मध्ये ब्रिटिशांची हरिकेन आणि स्पिटफायर ही लढाऊ विमानं जर्मन मेसरश्मिटशी झुंजत होती. ब्रिटिश विमानांत रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन होतं, २७ लिटरचं, बारा सिलिंडरचं, सुपरचार्ज्ड. झक्कास इंजिन. पण पायलटांची तक्रार अशी की नाक एकदम खाली दाबून डाइव्ह मारायला गेलं की इंजिन ठसका लागल्यासारखं बंद पडतं आणि मग काळा धूर ओकतं. जर्मन पायलटांना हे कळलं होतं. मागे स्पिटफायर लागलं की ते सरळ नाक खाली करून निसटायचे, कारण त्यांच्या इंजिनात फ्यूएल इंजेक्शन होतं, कार्ब्युरेटर नव्हता. ब्रिटिश पायलटला पाठलाग करायचा तर आधी विमान उलटं करून मग खाली खेचायला लागायचं. तेवढ्यात शत्रू पसार. आणि पाठलाग उलटा असेल, म्हणजे जर्मन मागे असेल, तर इंजिनाचा तो एक-दीड सेकंदाचा ठसका म्हणजे जीवच.

हे का व्हायचं? एसटीत सगळ्यात मागच्या सीटवर बसून स्पीडब्रेकर घेतलाय ना कधी? आपण टपावर आपटतो. तसंच. नाक झटकन खाली गेलं की फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल वर छताला जाऊन चिकटतं. जेट तळाशी, तिथे काहीच नाही. इंजिन उपाशी. हा झाला पहिला ठसका, लीन मिक्सरचा. माझ्यासारखी असती तर इथेच थांबली असती आणि पेट्रोल कमी पडतंय असं निदान करून मोकळी झाली असती.

पण खरा घात पुढे आहे. पेट्रोल वर गेलं की फ्लोट खाली जातो. फ्लोटला एवढंच कळतं, खाली म्हणजे टाकी रिकामी. तो निडल व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो. पंप तर गरजेपेक्षा कितीतरी जास्त पेट्रोल ढकलत असतो, एरवी त्याला फ्लोट अडवून ठेवतो. आता अडवणारंच कोणी नाही. सगळं पेट्रोल धो धो आत, तिथून सुपरचार्जरमध्ये, आणि इंजिन बुडून जातं. काळा धूर येतो तो याचा. उपासमारीचा ठसका सेकंदात संपतो. बुडालेलं इंजिन मात्र सावरायला वेळ घेतं, कारण मर्लिनमध्ये कार्ब्युरेटर सुपरचार्जरच्या आधी होता. म्हणजे मधला अख्खा रस्ता आणि पंखा ओल्या मिक्सरने भरलेला, तो सगळा ओढून झाल्याशिवाय सिलिंडरला धड मिक्सर मिळणार नाही.

मग कार्ब्युरेटर आधी ठेवलाच कशाला, असं व्हायवात विचारलं तर उत्तर असं: पेट्रोलची वाफ होताना हवा थंड होते, थंड हवा दाट, म्हणजे सुपरचार्जरला जास्त हवा मिळते आणि पॉवर वाढते. रोल्स-रॉइसवाले मूर्ख नव्हते. या फायद्यासाठीच त्यांनी इंजेक्शन टाळलं होतं.

शिलिंगचा उपाय वाचून मला आधी राग आला होता. इतका साधा! इंजिन फुल थ्रॉटलला जास्तीत जास्त किती पेट्रोल पितं ते काढायचं, आणि बरोबर तेवढंच जाईल अशा भोकाचा पितळेचा तुकडा कार्ब्युरेटरच्या आधी पेट्रोलच्या लाइनमध्ये बसवायचा. बस्स. आधी तो शिवणकामाच्या अंगुस्तानासारखा होता, नंतर नुसती भोकाची चकती. फ्लोटने व्हॉल्व्ह कितीही उघडू दे, भोकातून जाणार तेवढंच. भोक लहान झालं तर फुल पॉवरला इंजिन उपाशी, मोठं झालं तर पुन्हा पूर. म्हणजे सगळी अक्कल त्या भोकाच्या मापात. आणि मेख अशी की त्यासाठी विमान कारखान्यात न्यावं लागत नव्हतं. युद्धाच्या ऐन धामधुमीत एकही विमान लाइनवरून काढायची सोय नसताना हा तुकडा एअरफील्डवरच बसायचा. ती छोटी टीम घेऊन एअरफील्डएअरफील्ड फिरली आणि मार्च १९४१ पर्यंत फायटर कमांडच्या सगळ्या विमानांत तो बसला. पायलटांनी त्याला तिच्या नावावरून जरा चावट टोपणनाव ठेवलं, ते कॉलेजच्या मॅगेझीनमध्ये छापता येणार नाही.

इथे एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. तिने बॅटल ऑफ ब्रिटन जिंकून दिली असं बऱ्याच ठिकाणी लिहितात. तारखा बघा. ती लढाई १९४० च्या जुलै ते ऑक्टोबरमधली. चकती सगळीकडे बसली ती नंतर. त्या उन्हाळ्यात जे पायलट गेले ते त्या ठसक्यासकट लढले. शिवाय चकतीने पूर थांबला, पहिला उपासमारीचा झटका राहिलाच. तो पूर्ण गेला १९४३ मध्ये, प्रेशर कार्ब्युरेटर आल्यावर. तिचं मोठेपण सांगायला खोट्याची गरज नाही. दोन दुखणी एकात एक मिसळलेली असताना जास्त जीवघेणं कोणतं ते ओळखून तिने त्यावर हात ठेवला, माझ्या मते हेच अवघड होतं.

हे वाचल्यावर मी गाडीकडे परत गेले. उपाशी की बुडालेली, हा पहिला प्रश्न. गरम इंजिनला चोक थोडा ओढला. आयडलिंग सुधारलं असतं तर लीन, म्हणजे कुठून तरी फुकटची हवा शिरतेय. पण इंजिन आणखीच खोकलं. प्लग काढला तर काजळीने काळाकुट्ट. म्हणजे बुडालेली. कार्ब्युरेटरचं झाकण उघडलं (बाबा शेजारी टॉर्च घेऊन, चेहरा पाडून उभे), तर फ्लोटच्या निडलच्या बैठकीत कचऱ्याचा बारीक कण. व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतच नव्हता. चालताना इंजिनाची भूक मोठी, तिथे जास्तीचं पेट्रोल खपून जायचं. आयडलला भूक इवलीशी, तिथे पूर. मर्लिनचंच दुखणं, फक्त गल्लीच्या साइजमध्ये.

याच नादात मी सुपरचार्जरवाल्या जुन्या गाड्यांबद्दलही वाचलं, १९३० च्या आसपासची ब्लोअर बेंटली वगैरे. तिच्यातही कार्ब्युरेटर ब्लोअरच्या आधीच, बंपरच्या जागी पुढे लटकलेले. अशा गाडीचं आयडलिंग बिघडलं तर मजा असते. थ्रॉटल बंद असताना थ्रॉटलपासून सिलिंडरपर्यंत सगळीकडे व्हॅक्यूम, त्यामुळे ब्लोअर आणि इंजिनाच्या मधल्या एखाद्या जॉइंटला फट असेल तर ती बाहेरची हवा आत ओढते आणि इंजिन थरथरतं. तीच गाडी जोरात पळवली की तिथेच बूस्टचं प्रेशर तयार होतं आणि तीच फट मिक्सर बाहेर थुंकते. एकच भोक, दोन उलट लक्षणं. म्हणून आयडलला एकदा आणि लोडवर एकदा, दोन्ही वेळा कान देऊन ऐकायचं, आणि एअर स्क्रूला हात सगळ्यात शेवटी लावायचा. काकांनी आमच्याकडे नेमकं उलटं केलं होतं.

युद्धानंतर शिलिंग १९६९ पर्यंत फार्नबरोलाच राहिली. ब्लू स्ट्रीक क्षेपणास्त्रावर काम केलं, ओल्या रनवेवर विमानाचे ब्रेक कसे लागतात त्यावर केलं. ओबीई मिळाला. सगळ्यात वरच्या खुर्च्या मात्र तिला कधीच मिळाल्या नाहीत. का, ते मुलींना वेगळं सांगायला नको, आणि मुलांनी हवं तर माझ्या क्लासमधल्या कुठल्याही मुलीला कँटीनमध्ये विचारावं. ती आणि जॉर्ज मोटरसायकली सोडून कार रेसिंगकडे वळले, पन्नाशीतही ऑस्टिन-हीली स्प्राइट घेऊन ट्रॅकवर असायचे. १९६७ मध्ये डॅन गर्नीच्या ईगल या फॉर्म्युला वन गाडीचं इंजिन तापायला लागलं तेव्हा त्यांनी मदतीला हिलाच बोलावलं. वय अठ्ठावन्न!

१८ नोव्हेंबर १९९० ला ती गेली. २०११ मध्ये फार्नबरोतल्या एका पबला टिली शिलिंग हे नाव दिलं गेलं. टिली हे तिचं लाडाचं नाव.

आमची गाडी आता सिग्नलला बंद पडत नाही. बाबांनी ही गोष्ट सगळ्या नातेवाइकांना सांगितली, फक्त त्यांच्या व्हर्जनमध्ये कण त्यांना दिसला आणि मी टॉर्च धरला होता.